हलकी होडी आणि खवळलेले सरोवर

इ. स. १५२०च्या सुमारास विजयनगरास आलेल्या डोमिंगो पेस या पोर्तुगीज प्रवाशाने तुंगभद्रेवरील टोपलीसारख्या गोल नावांचे वर्णन करून ठेवले आहे. आत वेताचा सांगाडा, बाहेरून कातडे. अशा एका नावेतून पंधरा-वीस माणसे पलीकडे जात. आपल्यापैकी ज्यांची घराणी तुंगभद्रेच्या काठी रुजली, त्यांना ही टोकरी अपरिचित नाही. परंतु नदीला पुरणारा हा हलकेपणा समुद्रासारख्या विस्तीर्ण सरोवरात पुरेल काय? या प्रश्नाचे उत्तर उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या इतिहासात सापडते, आणि होडी निवडणाऱ्या कोणालाही ते उपयोगी पडावे, असे आम्हांस वाटते.

तेथील पाच महासरोवरांपैकी ईरी हे सर्वांत उथळ. क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर, सरासरी खोली मात्र अवघी १९ मीटर. त्यामुळे वारा सुटताच आखूड, उभ्या लाटा उठतात आणि एकीतून सावरावे तोच दुसरी येऊन आदळते. सुपीरियर सरोवर खोल आहे, पण दयाळू नाही. १० नोव्हेंबर १९७५ रोजी ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे २२२ मीटर लांबीचे मालवाहू जहाज तेथील वादळात बुडाले आणि त्यावरील २९ही जण मृत्युमुखी पडले.

या प्रदेशातील ओजिब्वे लोक बर्च वृक्षाच्या सालीची होडी वापरीत. ती खांद्यावर घेऊन एका जलाशयातून दुसऱ्यात जाता येई. एकोणिसाव्या शतकातील मासेमारांची मॅकिनॉ होडी याच्या उलट: लाकडी, शिडाची, लाटा सोसणारी, पण जड. एकीजवळ हलकेपणा होता, दुसरीजवळ धीर; दोन्ही एकत्र नव्हते.

ते एकत्र आणण्याचे काम विसाव्या शतकाने केले. १९०९ मध्ये मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूड यांनी होडीच्या मागे अडकवायची सुटी मोटार विक्रीस आणली. दुसरे महायुद्ध संपताना ग्रमन या विमान कंपनीने अ‍ॅल्युमिनियमच्या होड्या घडवण्यास आरंभ केला. १९४८ मध्ये मिनेसोटात हॉवर्ड लुंड यांचा कारखाना उभा राहिला. आता होडी चाकांच्या गाड्यावर चढवून मोटारीमागे ओढता येऊ लागली. मात्र सपाट तळाची हलकी होडी लाटेवर आपटते, हा दोष उरलाच होता. रेमंड हंट यांनी व्ही आकाराचा खोल तळ रचला आणि १९६०च्या मायामी-नासाऊ शर्यतीत खवळलेल्या समुद्रावर तो विजयी ठरला. हा तळ लाट कापतो. परंतु त्याला अधिक शक्तीची मोटार लागते, आणि उभी असताना अशी होडी अधिक डुलते. म्हणून सरोवरावरील होड्यांत पुढे धारदार व मागे काहीसा सपाट असा मधला तळ रूढ झाला.

अमेरिकेत १९७१च्या कायद्यानंतर वीस फुटांखालील बहुतेक मोटारहोड्यांवर भारमर्यादेची पट्टी लावणे सक्तीचे झाले. पाणी भरले तरी होडी तरंगत राहावी, असा नियमही त्याच दशकात आला. निवड करताना ही पट्टी प्रथम वाचावी. मग काठाची उंची पाहावी, तळाचा आकार पाहावा. आणि वजन मोजताना मोटार, इंधन व गाडाही धरावा, कारण ओढायचे असते ते सारे मिळून. तेथील रस्त्यांवर रुंदी सामान्यतः साडेआठ फुटांपलीकडे जाऊ देत नाहीत, हेही ध्यानी असावे.

एवढे करूनही सोळा-अठरा फुटांची होडी वादळाला तोंड देण्यासाठी नसते. जड होडी आपल्या बंदराला बांधलेली असते. ओढून नेता येणारी होडी वाऱ्याच्या आडोशाच्या किनाऱ्यावर पाण्यात सोडता येते, आणि आकाश भरून आले तर घरी परत नेता येते. हलकेपणाचा खरा लाभ आम्हांस हाच वाटतो.