अर्ध्या सेकंदाचा संशय

प्रयोगवहीतला एखादा आकडा अपेक्षेपेक्षा थोडा वेगळा आला, की ‘उपकरणाची चूक असेल’ असे म्हणून आपण पुढे जातो. बहुतेक वेळा ते खरेही असते. २०२४ साली मात्र एका माणसाने अर्ध्या सेकंदाचा फरक सोडून दिला नाही, आणि जगभरच्या असंख्य संगणकांवरचे संकट टळले. ही हकिगत समजून घेण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

एका जागी बसून दूरच्या संगणकावर काम करण्याची कल्पना संगणकांच्या जाळ्याइतकीच जुनी आहे. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून चार्ली क्लाइन हा विद्यार्थी सुमारे ५०० किलोमीटर दूर असलेल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकात प्रवेश करू पाहत होता. त्यासाठी ‘लॉगिन’ हा शब्द टंकायचा होता. ‘एल’ पोहोचले, ‘ओ’ पोहोचले आणि पलीकडची यंत्रणा कोलमडली! दोष दुरुस्त होऊन प्रवेश मिळायला सुमारे तासभर लागला. म्हणजे आर्पानेट या जाळ्यावरचा पहिला संदेश आणि पहिला बिघाड, दोन्ही दूरच्या संगणकात शिरण्याच्या खटपटीतूनच जन्मले.

पुढची पंचवीस वर्षे हे काम मुख्यतः ‘टेलनेट’सारख्या साधनांनी चाले. त्यांत परवलीचा शब्द जाळ्यातून उघडाच जाई. तिजोरीच्या कुलपाचा क्रमांक पोस्टकार्डावर लिहून पाठवावा, तसा हा प्रकार! १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात असे शब्द चोरून टिपले जात असल्याचे आढळले. तेव्हा तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी ‘सिक्युअर शेल’ (एसएसएच) ही आज्ञावली लिहिली. तिच्यात सारे संभाषण सांकेतिक रूपात जाते. पुढे तिच्या परवान्याच्या अटी कडक होत गेल्या. म्हणून ‘ओपनबीएसडी’ या मुक्त कार्यप्रणालीच्या कार्यकर्त्यांनी तिच्या जुन्या, मुक्त आवृत्तीवरून १९९९ मध्ये ‘ओपनएसएसएच’ तयार केली. आज लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक दूरस्थ संगणकांत आपण याच दाराने शिरतो.

आता मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधील अभियंता ‘पोस्टग्रेस’ या मुक्त डेटाबेसच्या वेगाची मोजमापे घेत होते. अशा मोजणीच्या वेळी संगणकावर दुसरी वर्दळ नको असते. त्यांना दिसले, की एसएसएचची आज्ञावली प्रोसेसरचा बराच वेळ खात आहे. चुकीच्या नावाने दार ठोठावणाऱ्यांना लगेच परत पाठवायचे, एवढ्या कामाला इतका वेळ का? त्यांनी मोजून पाहिले. पूर्वी ०.३ सेकंदात होणाऱ्या कामाला आता ०.८ सेकंद लागत होते.

शोध घेता घेता ते ‘एक्सझेड’ या, फाइली आकुंचित करणाऱ्या साधनाच्या संग्रहापर्यंत पोहोचले. पण फाइली आकुंचित करणाऱ्याचे दारावर काय काम? ओपनएसएसएच स्वतः तो संग्रह वापरतच नाही. मात्र डेबियनसारख्या काही लिनक्स वितरणांनी तिला ‘सिस्टिमडी’ या व्यवस्थापकाशी जोडले होते आणि सिस्टिमडीच्या मागोमाग हा संग्रहही आत येत होता. पाहुण्याबरोबर त्याचा ओळखीचा माणूस घरात यावा, तसा!

आणि हा बिघाड नव्हताच. एक्सझेडचा सांभाळ जवळजवळ एकच स्वयंसेवक फावल्या वेळात करीत असे. ‘जिया तान’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षे उपयुक्त दुरुस्त्या पाठवून त्याचा विश्वास मिळवला. त्याच सुमारास इतर काही नावांनी ‘काम फार संथ चालले आहे’ अशा तक्रारी येत राहिल्या. अखेर नव्या आवृत्त्या काढण्याचा अधिकार जिया तानकडे आला. फेब्रुवारी-मार्च २०२४ मधील ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. त्याचा घातक भाग चाचणीच्या नमुना-फाइलींत दडवलेला होता, आणि तो जागा करणाऱ्या ओळी फक्त वितरणाच्या गठ्ठ्यात होत्या, सार्वजनिक भांडारात नव्हत्या. ज्याच्याजवळ विशिष्ट गुप्त किल्ली असेल, त्याला परवलीच्या शब्दाविनाच अशा संगणकावर हुकूम चालवता आला असता.

२९ मार्च २०२४ रोजी फ्रॉइंड यांनी हे जाहीर केले. तोवर या आवृत्त्या मुख्यतः चाचणीसाठीच्या वितरणांतच पोहोचल्या होत्या. त्या तातडीने मागे घेण्यात आल्या.

‘स्रोत सर्वांना खुला असला, की दोष लपत नाही’ असे म्हटले जाते. हा इतिहास पाहून आम्हाला त्यात थोडी भर घालावीशी वाटते. स्रोत खुला होता म्हणूनच फ्रॉइंड एवढ्या लवकर मुळाशी जाऊ शकले, हे खरे. पण खुले पुस्तकही कुणीतरी वाचावे लागते, आणि ते सांभाळणाऱ्या एकट्या माणसाला वेळीच सोबत मिळावी लागते. तशी सोबत येथे आली ती नेमकी चोराची!

दुसरी गोष्ट प्रयोगवहीची. ०.८ सेकंद हा काही मोठा आकडा नाही. तो संशयास्पद ठरला, कारण ०.३ हा आधीचा आकडा हाताशी होता. सारे सुरळीत चालू असतानाची वाचने विद्यार्थ्यांना कंटाळवाणी वाटतात. तीच का लिहून ठेवायची, असे कुणी विचारले तर ही गोष्ट त्याला जरूर सांगावी.