बावखलाच्या पायऱ्या

आमच्या घरी पाऊस पायऱ्यांनी मोजत. आगाशीकडच्या आमच्या वाडीत एक बावखल होतं आणि त्यात उतरायला काळ्या दगडाच्या अकरा पायऱ्या. मृगाच्या तोंडावर सगळ्या उघड्या पडायच्या. मग आजी रोज सकाळी तांब्या घेऊन खाली जायची आणि वर येऊन ओसरीवरच्या माणसांना सांगायची, "आज तीन बुडल्या." त्यावर कधी काय लावायचं हे आजोबा ठरवत.

वसईबाहेरच्या माणसाला बावखल समजावून सांगावं लागतं. ते विहिरीपेक्षा ऐसपैस आणि तळ्यापेक्षा घरगुती. माणसांनी खणलेलं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवतं. वसईच्या पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, उत्तरेला वैतरणेचं मुख. तिन्हीकडे खारं पाणी असताना मधे केळी, पानवेली आणि मोगरा पिकतो, तो या मुरलेल्या पाण्यावर. आजी म्हणायची, "जमिनीखाली दोघी सवती नांदतात, गोडी आणि खारी. गोडी उठून गेली की खारी हातपाय पसरते."

बावखल कसं खणलं, ते आजीने तिच्या सासऱ्यांकडून ऐकलेलं. उन्हाळ्यात भावकी आणि शेजारपाजार जमला. पुरुष खणत, बायका पाट्या वाहत. निघालेली माती लांब टाकायची नाही, बाजूलाच पसरायची, म्हणजे वाडी उंच होते आणि पावसात केळीच्या मुळाशी पाणी तुंबत नाही. "वाडी जेवढी उंच, तेवढं बावखल खोल. जमाखर्च एकाच वहीत," हे तिचं वाक्य मी पुढे हजार वेळा आठवलं. बावखलाच्या काठी रहाट होता. रेडा गोल फिरायचा आणि पाटाने पाणी पानवेलीपर्यंत जायचं. तिच्या तरुणपणी राजेळी केळी उन्हात सुकवून सुकेळी व्हायची आणि पानांचे करंडे आगगाडीने पार उत्तरेला जायचे. विरारहून मुंबईला पहिली लोकल १८६७ साली धावली. आमच्या लेखी ती बागायतदारांची गाडी. पहाटे भाजीच्या पाट्या घेऊन बायका तिच्यात चढायच्या आणि दुपारी रिकाम्या पाट्या घेऊन परतायच्या.

पुढे ती गाडी उलट्या दिशेने भरून येऊ लागली. मुंबईत परवडेना म्हणून लोक नालासोपाऱ्यात, विरारात घर बघू लागले. १९८०चं दशक सरताना हरित पट्ट्यातल्या जमिनी बांधकामाला मोकळ्या होणार, असं कानावर आलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. मी तेव्हा दहाएक वर्षांची. मोर्चात आजोबांच्या खांद्यावरून मला दिसली ती नुसती डोकी. टोप्या, पदर आणि ख्रिस्ती बायकांची लाल लुगडी. एरवी बांधाच्या हातभर जागेवरून एकमेकांचं तोंड न बघणारे लोक त्या दिवशी एका रांगेत चालत होते.

आजोबांना इमारतींचा राग नव्हता. त्यांचं भांडण टँकरशी होतं. नव्या वस्तीला नळ नव्हते आणि वाड्यांतल्या विहिरींतून टँकर भरून जात. आपलीच काही माणसं पाणी विकत होती. पाण्याला पिकापेक्षा जास्त पैसे मिळत, मग दोष कुणाला द्यायचा? दोनतीन वर्षांत आमच्या शेजारच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. आजी ते चाखून एवढंच म्हणाली, "गोडी उठली."

१९९०मध्ये वसई-विरारच्या नियोजनाचं काम सिडकोकडे गेलं, २००९मध्ये महापालिका आली, आणि गावं तिच्यात नकोत म्हणून पुन्हा आंदोलनं झाली. लढ्याने काही वाचलं, हे खरं. पश्चिमेकडच्या कितीतरी गावांत आजही वाड्या आहेत. पण २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. ती बारा लाख माणसं आभाळातून पडलेली नव्हती. गिरणगावातून, चाळींतून, लांबच्या गावांतून येऊन आयुष्यभराच्या कमाईत त्यांनी दोन खोल्या घेतल्या होत्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की खाली बावखल होतं.

आम्हाला मात्र माहीत होतं. आजोबा गेल्यावर वाटण्या झाल्या आणि बावखल धाकट्या काकांच्या वाट्याला आलं. मोर्चात घोषणा देऊन त्यांचा घसा बसला होता, ते मला आठवतं. पण दोन मुलींची लग्नं आणि वाडीत राबायला कुणी नाही. त्यांनी जागा दिली. पूर्वेकडचा डोंगर फोडून आणलेला मुरूम घेऊन डंपर येत राहिले. भरणी आठ दिवस चालली. खड्डा आमचा, माती परक्या डोंगराची. आजीची वही तिथे फाटली. ती ओसरीवर पाठ करून बसून राहिली, काकांना एका शब्दाने बोलली नाही. त्या भरणीवर चार मजल्यांची इमारत उभी राहिली आणि काकांना तळमजल्यावर घर मिळालं.

जुलै २०१८मध्ये पाऊस थांबेना. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, वसईच्या मिठागरात माणसं अडकली. वीज गेली, फोन लागेना. तिसऱ्या दिवशी मी मांडीभर पाण्यातून काकांकडे गेले. घरात पाणी शिरलं होतं आणि ते, काकू, तळमजल्यावरची इतर बिऱ्हाडं, सगळी वरच्या मजल्यांवर. वरच्या एका बाईंनी सगळ्यांसाठी खिचडी टाकली होती. त्या मूळच्या लालबागच्या.

काका जिन्यात बसले होते, ऐंशीला टेकलेले. मला बघून त्यांनी जिन्याखालच्या काळ्या पाण्याकडे बोट केलं.

"चार बुडल्या," ते म्हणाले.