बारा वर्षांचा पालक

मी वकील नाही. जुने कागद चाळायची सवय म्हणून कायदेही वाचतो. एचआयव्ही-एड्सविषयीच्या २०१७च्या कायद्यातल्या कलम ३२पाशी मात्र थबकलो. बाधित कुटुंबातलं बारा ते अठरा वर्षांचं जाणतं मूल धाकट्या भावंडांचं पालक ठरू शकतं: त्यांना शाळेत घालू शकतं, उपचारांचे निर्णय घेऊ शकतं, बँकेतलं खातं चालवू शकतं.

अशी सोय कायद्याला का करावी लागली?

१९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे) आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी देशातला पहिला संसर्ग शोधला. मणिपुरात तो तरुण मुलांमध्ये नशेच्या सामायिक सुईतून पसरला. महाराष्ट्रात मुख्य वाट शरीरसंबंधांची. रोजगारासाठी परगावी राहणारा नवरा, विशीच्या आत लग्न झालेली बायको, गरोदरपणात कळलेलं निदान आणि मग बाळ. अशा कित्येकींनी पत्करलेली जोखीम एकच होती: लग्न. सरकारी दवाखान्यांत मोफत एआरटी औषधं मिळू लागली ती १ एप्रिल २००४पासून. तोवर अनेक घरांत आजी आणि नातवंडंच उरली होती. कलम ३२ त्या घरांचं आहे.

माझ्या कॉलेजच्या काळात भिंतींवर कवटीची पोस्टरं होती. प्रश्न विचारायला जागा नव्हती. ती जागा शाळेत व्हावी म्हणून २००५मध्ये केंद्राचा किशोर शिक्षण कार्यक्रम आला. दोनच वर्षांत, संस्कृतीच्या नावाने गदारोळ होऊन, महाराष्ट्राने तो थांबवला. ज्या मराठीत र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवलं, त्याच मराठीत हे घडलं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वयोगटातल्या २१.६ टक्के स्त्रियांना आणि ३०.७ टक्के पुरुषांनाच एचआयव्हीची पुरेशी, अचूक माहिती असल्याचं आढळलं.

औषधांमुळे आज जन्मतः बाधित मुलंही मोठी होतात, कॉलेजात जातात, लग्नाचा विचार करतात. त्यांना आणि त्यांच्या वर्गमित्रांना खरी माहिती हवी आहे. बाराव्या वर्षी मूल भावंडांचं पालकत्व निभावू शकतं, हे कायद्याने मान्य केलं. त्याच मुलाला हा विषाणू कसा पसरतो हे सांगायचं म्हटलं, की आपण म्हणतो, त्याचं अजून वय नाही.