वहाणेचं नाव

माझी भाची पुण्याला फॅशन डिझायनिंग शिकते. तिच्यामुळे माझ्यासारख्या नंदुरबारकरणीलाही हल्ली कुठल्या फॅशन हाऊसमध्ये कोण डिझायनर आला, याची खबर असते. २०२५ मध्ये दिओरला जोनाथन अँडरसन आला, गुच्चीला देम्ना आला... "मावशी, हे राज्याभिषेकच असतात गं!" असं ती म्हणते. मला ते पटतं. डिझायनर बदलला की जगभर बातमी होते. या धंद्यात कापड, चामडं नंतर. आधी नाव विकलं जातं.

म्हणूनच जून २०२५ मधली प्रादाची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मिलानमधल्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये मॉडेल्सच्या पायात चक्क कोल्हापुरी! पण वर्णनात नुसतं 'चामडी सँडल'. ना कोल्हापूरचं नाव, ना भारताचं. आपल्याकडे गदारोळ झाला आणि मग कंपनीनं महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून मान्य केलं की प्रेरणा भारतातल्या परंपरागत वहाणांचीच होती.

आता जरा इतिहास. प्रादासुद्धा मुळात चामड्याच्या वस्तूंचं दुकान. मारिओ प्रादानं ते १९१३ मध्ये मिलानमध्ये काढलं. १९७८ मध्ये त्याची नात मिउच्चा हिनं सूत्रं हाती घेतली आणि २०२० मध्ये तिनं बेल्जियमच्या राफ सिमन्सला बरोबरीचा मान देऊन शेजारी बसवलं. त्या नेमणुकीचं तेव्हा केवढं कौतुक झालं होतं! म्हणजे श्रेय वाटून घेणं या मंडळींना जमत नाही असं नाही.

आणखी एक गंमत. याच प्रादानं २०१० मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या कारागिरांकडून वस्तू करून घेतल्या होत्या आणि त्यावर त्या त्या देशाचं नाव छापलं होतं. भारतातून घेतलं होतं चिकनकाम. पंधरा वर्षांपूर्वी जे सुचलं, ते २०२५ मध्ये का सुचू नये?

कोल्हापुरीला तर २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. वनस्पतींच्या सालीनं कमावलेलं चामडं, खिळा नाही, चामड्याच्याच वादीची शिलाई. वेणी विणायचं काम बऱ्याच घरांत बायका करतात. आमच्या नानांच्या कोल्हापुरीला ते दर रविवारी तेल लावायचे. ती करकर वाजली की आम्ही मुलं पुस्तकं उघडून बसायचो :) पण ती कुणी शिवली, हे नानांनाही ठाऊक नव्हतं आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

पुढे डिसेंबर २०२५ मध्ये प्रादानं महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड इथेच बनवायचे आणि सुमारे ८०० युरोंना विकायचे असं ठरलं. शेवट गोड म्हणायचा. तरी माझा प्रश्न उरतोच. गावाचं नाव आलं, देशाचं आलं, पण माणसाचं? डिझायनरचं नाव तर पोरासोरांनाही पाठ असतं.

हे सगळं मी भाचीला तावातावानं ऐकवत होते. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, तुझ्या भिंतीवरचा तो फोटो मला प्रोजेक्टला हवाय. त्या बाईंचं नाव काय?"

मी गप्पच.

तो फोटो मी धडगावला होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात काढलेला. एक पावरा बाई, गळाभर चांदी, नजर थेट कॅमेऱ्यात. आल्यागेल्याला मी तो अभिमानानं दाखवते. खाली माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'आदिवासी स्त्री, धडगाव'. कोपऱ्यात माझी सही मात्र न विसरता केलेली! ना त्यांचं नाव विचारलं, ना ते दागिने घडवणाऱ्या सोनाराचं. मिलानवाल्यांनी निदान पत्र तरी लिहिलं.

आपल्या नवापूरच्या तूरडाळीलाही मानांकन आहे, तेव्हा मानांकनाचं महत्त्व मी नाकारत नाही. त्यानं गावाचं नाव राखलं जातं. पण बाजारात समोर उभ्या असलेल्या माणसाला नाव विचारायला कुठला कायदा लागतो? मला दोन मिनिटं पुरली असती.

फोटो मी भाचीला दिला नाही. येत्या होळीआधी त्याची एक प्रत पिशवीत घालून आम्ही दोघी धडगावला जाणार आहोत. त्या बाई भेटतील की नाही, कुणास ठाऊक. भेटल्या तर प्रत त्यांच्या हातात द्यायची, आणि भाचीच्या प्रोजेक्टचं काय ते त्यांनाच विचारायचं. त्या नको म्हणाल्या तर नको.