डोलोरेस मिशनच्या माता आणि टोळ्यांतील मुलें

धर्मग्रामाचा महोत्सव आला कीं मंदिराच्या पायाचा दगड कोणीं बसविला, घंटा कोठून आली, शाळा कोणत्या धर्मगुरूंच्या वेळीं उभी राहिली, ह्यांचीं टिपणें निघतात. व तीं निघावीं हेंच योग्य. परंतु धर्मग्रामाचा इतिहास पुष्कळदां मंदिराच्या दाराबाहेर, गल्लीच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या पोरांपाशींहि घडत असतो. ह्याचें एक उदाहरण दूरदेशचें असूनहि आम्हांस मननीय वाटलें, म्हणून तें वाचकांपुढें ठेवितों.

अमेरिकेंतील लॉस एंजलिस शहराच्या पूर्वभागीं बॉइल हाइट्स नांवाची वस्ती आहे. तेथें पिको गार्डन्स व अलिसो व्हिलेज ह्या गरिबांसाठीं बांधलेल्या दोन सरकारी वसाहती होत्या, आणि त्यांच्या लगत डोलोरेस मिशन हें लहानसें ख्रिस्तमंदिर. रहिवासी बहुतेक मेक्सिकन वंशाचे, हातावर पोट असलेले. सन १९८६ मध्यें येशूसंघीय फादर ग्रेगरी बॉइल येथें मुख्य धर्मगुरू म्हणून आले. (वस्तीचें व फादरांचें नांव एकच, हा निव्वळ योगायोग होय.) एवढ्याशा टापूंत त्या वेळीं आठ टोळ्या नांदत होत्या. एका टोळीच्या मुलानें दुसरीच्या गल्लींत पाऊल टाकणें म्हणजे जिवावर उदार होणें. सन १९८८ मध्यें फादरांनीं टोळीयुद्धांत बळी पडलेल्या पहिल्या मुलाचा दफनविधि केला. पुढें असे दफनविधि दोनशेंहून अधिक झाले.

शाळांनीं हीं मुलें काढून टाकलीं होतीं. दिवसभर तीं रस्त्यावर. तेव्हां धर्मग्रामांतील धर्मभगिनींनीं आपलें निवासस्थान रिकामें करून दिलें, व तेथें त्यांच्यासाठीं निराळी शाळा भरूं लागली. आपल्या घरावर दगड मारणाऱ्या पोरास आपलेंच घर देणें कसें असतें, ह्याचा विचार ज्यानें त्यानें करावा. पण शाळेनें पोट भरत नाहीं. मुलें म्हणूं लागलीं, आम्हांस काम द्या. तेव्हां धर्मग्रामांतील स्त्रिया, म्हणजे ह्याच पोरांच्या आया, मावश्या व शेजारणी, आसपासच्या कारखान्यांच्या दारीं मोर्चे घेऊन गेल्या. कारखान्यांनीं दाद दिली नाहीं. मग धर्मग्रामानेंच कामें काढलीं : भिंतींवरील टोळ्यांचीं चिन्हें पुसणें, आवाराची डागडुजी, बालसंगोपनगृहाचें बांधकाम. मजुरीचे पैसे कोठून येणार ह्याचा पत्ता नसतां हीं कामें सुरू झालीं, हें हिशेबी माणसास रुचणार नाहीं. ह्याच स्त्रिया रात्रीं वसाहतींतून शांततेच्या फेऱ्या काढीत व गोळीबाराच्या जागीं प्रार्थना करीत. फादरांचें नांव जगभर झालें. ह्या मातांचीं नांवें फारशीं कोणास ठाऊक नाहींत.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आरंभींचीं कांहीं वर्षें फादर सायकलीवरून वसाहतींत हिंडत, भांडणाऱ्या टोळ्यांमध्यें तह घडवून आणीत. पुढें त्यांनीं तें सोडून दिलें. तहासाठीं टोळीस पक्ष मानावें लागतें, आणि पक्ष मानलें कीं तिची प्रतिष्ठा वाढते, असा त्यांचा अनुभव. टोळीशीं बोलणें थांबवून एकेका मुलाशीं बोलावें, हा मार्ग त्यांनीं धरिला. आमच्या मतें सर्व वृत्तान्तांत ह्या कबुलीइतकें मोलाचें दुसरें कांहीं नाहीं. मुलगा टोळींत जातो तो कशाच्या तरी मागें लागून नव्हे, तर घरांतील कशापासून तरी पळून, असें फादर सांगत.

सन १९९२ च्या एप्रिलअखेर शहरांत भयंकर दंगल उसळली. आपल्या वसाहती तुलनेनें शांत राहिल्या, कारण मुलांच्या हातांस काम होतें, असें फादरांनीं वृत्तपत्रास सांगितलें. तें वाचून रे स्टार्क ह्या चित्रपट-निर्मात्यानें मदत देऊं केली. मंदिरासमोर एक जुनी बेकरी बंद पडली होती. तिच्या भट्ट्या पुन्हां पेटल्या. नांव ठेविलें ‘होमबॉय बेकरी’, म्हणजे आपल्या वस्तींतल्या सोबत्याची बेकरी. काल परस्परांवर गोळ्या झाडणारे आज एकाच फळ्यावर कणीक तिंबूं लागले. प्रथम ते एकमेकांशीं बोलतहि नसत. पण भट्टीजवळ कोणास फार वेळ अबोला धरतां येत नाहीं.

सन १९९९ मध्यें ती बेकरी आगींत भस्म झाली. कार्य मात्र थांबलें नाहीं. सन २००१ मध्यें ‘होमबॉय इंडस्ट्रीज’ ही स्वतंत्र संस्था झाली. तुरुंगांतून सुटलेल्यांस अठरा महिने शिक्षण व वेतन, अंगावरील टोळीचें गोंदण काढून देणें, वकिलाचा सल्ला, मनाच्या जखमांवर उपचार, हें सारें तिच्यांत आलें. गोंदणाची गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण कपाळावर टोळीचें नांव असलेल्यास काम कोण देणार? सन २०२४ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीं फादरांस ‘स्वातंत्र्यपदक’ हा त्या देशाचा श्रेष्ठ नागरी सन्मान दिला.

त्यापूर्वीं, सन २०१० मध्यें संस्थेची तिजोरी रिकामी झाली होती व सुमारें तीनशें जणांस कामावरून कमी करावें लागलें होतें. त्यांतील पुष्कळ जण दुसऱ्या दिवशीं सकाळीं नेहमींच्या वेळीं विनावेतन कामावर हजर झाले.