सरकारी अभियोक्ता : खानदेश ते मुंबई बाँबस्फोट खटला

शासनाच्या वतीने फौजदारी न्यायालयात अभियोग चालविणारा विधिज्ञ म्हणजे सरकारी अभियोक्ता होय. व्यवहारात त्यास सरकारी वकील असे म्हणतात. फौजदारी गुन्हा हा केवळ पीडित व्यक्तीविरुद्धचा नसून समाजाविरुद्धचा अपराध मानला जातो. म्हणून त्याचा अभियोग राज्य चालविते आणि राज्याची बाजू मांडण्याचे काम या अधिकाऱ्याकडे येते. तथापि आरोपीस कसेही करून शिक्षा मिळवून देणे हे त्याचे कर्तव्य नव्हे. उपलब्ध पुरावा, आरोपीस अनुकूल असलेला पुरावादेखील, न्यायालयापुढे प्रामाणिकपणे ठेवणे हे त्याचे कर्तव्य होय. या कर्तव्याच्या पालनावर देखरेख कोणी ठेवावयाची, हा या पदाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. विशेषतः गाजलेल्या खटल्यांत तो तीव्रतेने उपस्थित होतो.

पदांची श्रेणी : या व्यवस्थेची सर्वांत खालची पायरी तालुक्याच्या न्यायालयात दिसते. जळगाव जिल्ह्यातील जामनेर येथील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या न्यायालयात शासनाची बाजू सहायक सरकारी अभियोक्ता मांडतो. ही निवड महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते व हा अधिकारी शासनाचा पगारी नोकर असतो. खून, दरोडा यांसारखे गंभीर गुन्हे सत्र न्यायालयाकडे वर्ग होतात. तेथे जिल्हा सरकारी वकील व त्याचे अतिरिक्त सहकारी अभियोग चालवितात. हे नोकर नसून ठराविक मुदतीसाठी नेमलेले, किमान सात वर्षे वकिली केलेले विधिज्ञ असतात. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार जिल्हा दंडाधिकारी सत्र न्यायाधीशाशी विचारविनिमय करून नावांची यादी तयार करी व तीतून शासन नेमणूक करी. एखाद्या विशिष्ट खटल्यासाठी किंवा खटल्यांच्या वर्गासाठी केंद्र अथवा राज्य शासन विशेष सरकारी अभियोक्ता नेमू शकते. त्यास किमान दहा वर्षांच्या वकिलीचा अनुभव लागतो. एकाच व्यवसायाच्या या तीन पायऱ्या असल्या, तरी त्यांवरील देखरेखीचे स्वरूप मात्र भिन्न आहे.

इतिहास : १८१८ मध्ये खानदेश ब्रिटिशांच्या ताब्यात आला व धुळे हे त्याचे मुख्य ठाणे झाले. १९०६ मध्ये या विस्तीर्ण जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग करण्यात आले. जळगाव हे पूर्व खानदेशाचे मुख्य ठिकाण ठरले आणि जामनेर तालुका त्यात समाविष्ट झाला. त्या काळी १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता लागू होती. सत्र न्यायालयांसाठी शासन सरकारी वकील नेमी; परंतु दंडाधिकाऱ्यांपुढील बहुसंख्य खटले पोलीस खात्यातील अभियोक्तेच चालवीत. ज्या पोलीस अधिकाऱ्याने तपासात भाग घेतला असेल, त्यास त्या खटल्यात अभियोग चालविण्यास या संहितेने मनाई केली होती. तथापि तपास करणारा व अभियोग चालविणारा हे दोघेही एकाच खात्याचे आणि एकाच वरिष्ठाच्या हाताखालचे असल्याने ही मनाई अपुरी होती. शिवाय अनेक दंडाधिकारी महसूल खात्याचे अधिकारी असत. मुंबई राज्याने १९५१ च्या अधिनियमान्वये न्यायखाते व कार्यकारी खाते अलग केले. दंडाधिकारी अशा रीतीने स्वतंत्र झाला, परंतु त्याच्यापुढे उभा राहणारा अभियोक्ता पोलीस खात्यातच राहिला. भारताच्या विधी आयोगाने १९५८ मधील आपल्या चौदाव्या अहवालात अभियोग यंत्रणा पोलिसांपासून वेगळी करण्याची शिफारस केली.

१ एप्रिल १९७४ पासून नवी संहिता अंमलात आली. पोलीस अधिकाऱ्यास सहायक सरकारी अभियोक्ता नेमता येणार नाही, असे तीत सर्वसाधारण तत्त्व घालण्यात आले. महाराष्ट्र शासनाने जुन्या पोलीस अभियोक्त्यांनाच सहायक सरकारी अभियोक्ते म्हणून नेमले; मात्र त्यांचे प्रशासकीय नियंत्रण पोलीस खात्याकडेच ठेवले. म्हणजे पदाचे नाव बदलले, परंतु वरिष्ठ तोच राहिला. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ही व्यवस्था कायद्याच्या हेतूशी विसंगत ठरविली आणि अभियोक्त्यांचा स्वतंत्र संवर्ग व पोलिसांपासून मुक्त असा स्वतंत्र अभियोग विभाग निर्माण करण्याचा आदेश दिला. तालुका न्यायालयातील अभियोक्त्याच्या आजच्या सेवास्थितीचा पाया या निर्णयात आहे. पुढे २००५ च्या दुरुस्तीने संहितेत अभियोग संचालनालयाची तरतूद झाली व ती २००६ पासून लागू झाली.

विशेष अभियोक्ता : नित्याच्या यंत्रणेबाहेरील विधिज्ञ नेमण्याची तरतूद अपवादात्मक खटल्यांसाठी आहे. गुंतागुंतीचा पुरावा, आरोपींची मोठी संख्या, स्थानिक दडपण किंवा जिल्ह्यातील वकिलांचे हितसंबंध ही त्याची नेहमीची कारणे होत. मुकुल दलाल विरुद्ध भारत सरकार या महाराष्ट्रातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये असे ठरविले, की कोणीही मागणी केली म्हणून अशी नेमणूक यांत्रिकपणे करू नये. प्रत्येक वेळी आवश्यकता तपासून पाहावी. अभियोक्त्याचे शुल्क फिर्यादीकडून घेण्याच्या प्रथेकडेही न्यायालयाने साशंकतेने पाहिले. कारण ज्याच्याकडून मोबदला मिळतो, त्याच्या इच्छेकडे अभियोक्ता झुकण्याची भीती असते. विशेष अभियोक्ता हा संचालनालयाच्या नित्याच्या श्रेणीत बसत नाही. त्याची नेमणूक शासन करते व शासनच ती रद्द करू शकते. परिणामी खटला जितका मोठा, तितकी अभियोक्त्यावरील खात्याची देखरेख विरळ आणि नेमणूक करणाऱ्या शासनाशी त्याचा संबंध थेट, अशी स्थिती निर्माण होते.

मुंबई बाँबस्फोट खटला : १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या स्फोटमालिकेत २५७ माणसे मृत्युमुखी पडली व सातशेहून अधिक जखमी झाली. मुंबई पोलिसांनी ४ नोव्हेंबर १९९३ रोजी दोषारोपपत्र दाखल केले. त्याच महिन्यात पुढील तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्यात आला. दहशतवादी व विघटनकारी कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, म्हणजेच टाडा, याखालील विशेष न्यायालय आर्थर रोड कारागृहाच्या आवारात भरविण्यात आले. प्रथम न्या. जे. एन. पटेल व १९९६ पासून न्या. प्रमोद कोदे यांच्यापुढे ही सुनावणी झाली.

या खटल्यासाठी विशेष सरकारी अभियोक्ता म्हणून उज्ज्वल निकम यांची नेमणूक झाली. १९५३ मध्ये जन्मलेल्या निकम यांचे विधिशिक्षण जळगावच्या मणियार विधी महाविद्यालयात झाले. त्यांचे वडील न्यायाधीश होते. जळगावच्या न्यायालयात सरकारी वकील म्हणून अनुभव घेतल्यावर ते मुंबईच्या या खटल्याकडे आले. जिल्हा न्यायालयातील वकील थेट देशातील सर्वांत मोठ्या खटल्यांपैकी एकाच्या अग्रभागी आला, ही गोष्ट विशेष अभियोक्त्याच्या पदाचे वैशिष्ट्य स्पष्ट करते : येथे ज्येष्ठतेची पायरी चढावी लागत नाही, शासनाची निवड पुरेशी होते.

खटल्यात ६८४ साक्षीदार तपासण्यात आले. सप्टेंबर २००६ पासून निकाल टप्प्याटप्प्याने देण्यात आला. १२३ आरोपींपैकी १०० दोषी ठरले व २३ निर्दोष सुटले. २००७ मध्ये १२ जणांना मृत्युदंड व २० जणांना जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी याकूब मेमन याचा मृत्युदंड कायम केला व इतर दहा जणांचा मृत्युदंड जन्मठेपेत परिवर्तित केला. दोषसिद्धी व शिक्षेचे प्रमाण हे दोन वेगळे प्रश्न असून दुसऱ्यात अभियोक्त्याच्या मागणीहून न्यायालयाचे मत भिन्न असू शकते, हे यावरून दिसते.

याच कालखंडात अभियोक्त्याच्या स्वतंत्र बुद्धीसंबंधी महत्त्वाचा निर्णय झाला. टाडाखाली आरोपीची कोठडी वाढविण्यासाठी अभियोक्त्याचा अहवाल आवश्यक असे. हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९९४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पोलिसांची विनंती न्यायालयाकडे पोहोचविणारी टपालकचेरी असे अभियोक्त्याचे स्थान नाही. त्याने स्वतः कागदपत्रे तपासून, कारणे नमूद करून अहवाल द्यावयाचा आहे. खात्याची देखरेख विरळ असेल तेथे अभियोक्त्याची स्वतःची सारासार बुद्धी हाच पहिला अंकुश ठरतो, असा याचा मथितार्थ होय.

निकम यांनी पुढे २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याचा अभियोग न्या. एम. एल. तहलियानी यांच्यापुढे चालविला. मे २०१० मध्ये अजमल कसाब यास मृत्युदंड झाला व २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात त्याची अंमलबजावणी झाली. मात्र कसाबने कारागृहात बिर्याणी मागितल्याची जी गोष्ट सुनावणीच्या काळात पसरली होती, ती आपण रचली होती, असे निकम यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितले. आरोपीविषयी निर्माण होत असलेली सहानुभूती रोखणे हा हेतू त्यांनी दिला. पुराव्याशी या गोष्टीचा संबंध नव्हता. तथापि अभियोक्त्याने न्यायालयाबाहेर काय बोलावे, यावर कोणाचीही प्रत्यक्ष देखरेख नव्हती, हे त्यातून उघड झाले. निकम यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये त्यांनी लोकसभेची निवडणूक भारतीय जनता पक्षातर्फे लढविली व तीत ते पराभूत झाले. त्यानंतर राज्य शासनाने त्यांस पुन्हा विशेष अभियोक्ता नेमले, तेव्हा विरोधी पक्षाने त्यावर आक्षेप घेतला. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नामनिर्देशित केले.

केंद्रीय संस्थांतील देखरेख : केंद्रीय अन्वेषण विभागाच्या खटल्यांत अभियोग मागे घेण्यास केंद्र शासनाची परवानगी व न्यायालयाची संमती या दोन्ही गोष्टी लागतात. विनीत नारायण खटल्यात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विभागाच्या स्वायत्ततेसाठी जे निर्देश दिले, त्यांत सक्षम अभियोक्त्यांची तरतूद व निष्फळ ठरलेल्या अभियोगांचे परीक्षण यांचाही समावेश होता. २०१३ च्या लोकपाल अधिनियमाने विभागात अभियोग संचालनालयास वैधानिक स्थान दिले. त्याच्या संचालकाची नेमणूक केंद्रीय दक्षता आयोगाच्या शिफारशीवरून होते. परंतु हे संचालनालय विभागाच्या प्रमुखाच्याच एकूण देखरेखीखाली राहते. शहाणे खटल्याने राज्यात जी फारकत घडविली, ती येथे पूर्णत्वास गेलेली नाही.

खानदेशाला लागून असलेल्या मालेगाव येथे २९ सप्टेंबर २००८ रोजी झालेल्या स्फोटाचा खटला या दृष्टीने उद्‌बोधक आहे. प्रारंभी दहशतवादविरोधी पथकाकडे असलेला हा तपास २०११ मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला. विशेष अभियोक्त्या रोहिणी सालियन यांनी २०१५ मध्ये असे जाहीर केले, की आरोपींबाबत सौम्य धोरण ठेवण्यास आपणास सांगण्यात आले होते. संस्थेने हे नाकारले. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष मुक्त केले. अभियोक्त्यास दडपण जाणवल्यास त्याने कोणाकडे दाद मागावी, याची व्यवस्था कायद्यात नसल्याने प्रश्न वृत्तपत्रांत मांडला गेला.

खानदेशातील अनुभव : जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेतील अपहाराची फिर्याद २००६ मध्ये महापालिकेच्या आयुक्तांनी दाखल केली. हा खटला विशेष अभियोक्त्यामार्फत धुळे येथील विशेष न्यायालयात चालला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी माजी मंत्री सुरेश जैन यांच्यासह ४८ जणांना शिक्षा झाली. जिल्ह्यातील सत्ताधारी वर्गाविरुद्धचा अभियोग जिल्ह्याबाहेर व नित्याच्या यंत्रणेबाहेरील वकिलाकडे सोपविण्याचा हेतू येथे सफल झाला. याउलट मार्च २०२२ मध्ये, जामनेरचे आमदार गिरीश महाजन यांना खोट्या प्रकरणात गोवण्याचा कट एका विशेष अभियोक्त्याच्या कार्यालयात रचला गेला, असा आरोप विधानसभेत ध्वनिचित्रफितींसह करण्यात आला. संबंधित अभियोक्त्याने तो नाकारला. त्याच वर्षी राज्यात सत्तांतर झाल्यावर प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे देण्यात आले. शासनाने निवडलेला अभियोक्ता हा स्थानिक दडपणावरील उपाय होऊ शकतो आणि तोच सत्तास्पर्धेचा विषयही बनू शकतो, हे एकाच जिल्ह्यातील या दोन घटनांवरून स्पष्ट होते.

नवी व्यवस्था : १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने देखरेखीची कामे प्रथमच श्रेणीनिहाय वाटून दिली आहेत. दहा वर्षे वा अधिक कारावासाच्या, जन्मठेपेच्या व मृत्युदंडाच्या खटल्यांवर अभियोग संचालकाने, सात ते दहा वर्षांखालील शिक्षेच्या खटल्यांवर उपसंचालकाने व त्याहून कमी शिक्षेच्या खटल्यांवर सहायक संचालकाने लक्ष ठेवावयाचे आहे. अपील करावे किंवा कसे, यावर मत देण्याचे काम अभियोग संचालकाचे आहे. विशेष अभियोक्त्याच्या नेमणुकीचा शासनाचा अधिकार मात्र पूर्ववत राहिला आहे. जामनेरच्या न्यायालयातील किरकोळ चोरीचा अभियोग आज ठरलेल्या श्रेणीतून तपासला जातो. ज्या खटल्यांकडे सारा देश पाहतो, त्यांतील अभियोक्त्याची निवड, त्याचे न्यायालयाबाहेरील वर्तन व त्याची निवृत्ती यांस मात्र अशी निश्चित चौकट अद्याप लाभलेली नाही. तेथे अंतिम देखरेख न्यायाधीशाची, आणि त्याआधीची अभियोक्त्याच्या स्वतःच्या सदसद्विवेकाची राहते.