मालगाडीची वाट पाहणारे

जपानला जाणारा प्रवासी तिथल्या आगगाडीविषयी काही कल्पना मनात बाळगूनच जातो. फुजी पर्वताच्या पायथ्याशी वाऱ्याच्या वेगाने धावणारी शिंकान्सेन, फलाटावरील खुणेशी नेमके येऊन थांबणारे दार, घड्याळ लावून घ्यावे असा वक्तशीरपणा. या कल्पना खोट्या नाहीत. परंतु त्याच प्रवाशाने टोकियोच्या परिसरातील एखाद्या साध्या स्थानकावर तासभर घालविला, तर त्याला आणखी एक दृश्य दिसण्याचा संभव आहे. फलाटाच्या अगदी टोकाला चारपाच माणसे कॅमेरे सज्ज ठेवून उभी असतात. प्रवाशांच्या दोन गाड्या येतात आणि जातात, पण ही मंडळी जागची हलत नाहीत. मग दुरून निळे इंजिन दिसू लागते. त्यामागे वीस-पंचवीस सपाट वाघिणी, आणि वाघिणीगणिक तांबूस-जांभळ्या रंगाच्या पाच-पाच पेट्या. गाडी न थांबता धडधडत निघून जाते. शेवटच्या वाघिणीचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत कोणी बोलत नाही.

मालगाडीची वाट व्यापाऱ्याने पाहावी हे समजण्यासारखे आहे. ज्यांचे एक पोतेही त्या गाडीत नाही, त्यांनी ती का पाहावी? परदेशांतूनही माणसे केवळ यासाठी जपानला येतात, आणि तिथे तर मालगाड्यांचे वेळापत्रक दरवर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध होते. ते निघते माल पाठविणाऱ्यांच्या सोयीसाठी, पण विकत घेणाऱ्यांत या हौशी मंडळींचा भरणा मोठा असतो. याला नुसता छंद म्हणून सोडून देता येईल. पण या छंदामागे दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो प्रवासी गाड्यांच्या इतिहासापेक्षा अधिक कष्टाचा आहे.

१८५४ साली अमेरिकेचा नौदल अधिकारी पेरी याने योकोहामाच्या किनाऱ्यावर वाफेच्या गाडीची एक लहान प्रतिकृती चालवून दाखविली. गाडी इतकी लहान होती की आत बसणे अशक्य. तेव्हा एक सामुराई सरदार डब्याच्या टपावरच बसला आणि अंगरखा वाऱ्यावर उडवीत त्याने गोल फेरी मारली. पुढे १८७२ मध्ये, बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाल्यानंतर एकोणीस वर्षांनी, शिंबाशी ते योकोहामा हा २९ किलोमीटरांचा पहिला लोहमार्ग खुला झाला. मालवाहतूक सुरू व्हायला त्यानंतर वर्ष लागले. ती १८७३ च्या सप्टेंबरात सुरू झाली.

या आरंभकाळाशी भारताचा एक अनपेक्षित धागा जुळतो. जपानी रेल्वेचा पहिला प्रमुख अभियंता एडमंड मोरेल हा इंग्रज मार्ग खुला होण्यापूर्वीच वारला. त्यानंतर त्या जागी आला तो व्हिकर्स बॉयल. १८५७ साली बिहारमधील आरा येथे बाबू कुंवरसिंहांच्या बाजूच्या सैन्याने ज्या लहानशा घराला वेढा घातला होता, ते घर याच बॉयलचे. ते त्याने आधीच विटा रचून आणि धान्य भरून मजबूत करून ठेवले होते. एकाच माणसाच्या आयुष्यात आरा आणि योकोहामा दोन्ही यावीत, हा त्या साम्राज्यकाळाचाच चमत्कार म्हणावयाचा.

दक्षिणेकडे रेल्वे आली ती राजधानी आणि बंदर जोडण्यासाठी. उत्तरेकडील होक्काइदो बेटावर मात्र ती दगडी कोळशासाठीच आली. १८८० मध्ये ओतारू बंदरापासून साप्पोरोपर्यंत आणि १८८२ मध्ये होरोनाईच्या खाणींपर्यंत तिथे रूळ पोहोचले. हे काम अमेरिकनांच्या मार्गदर्शनाखाली झाले, म्हणून इंजिने आणि डबे जोडणारे आकडेही अमेरिकन पद्धतीचे होते. मुख्य बेटावर इंग्लंडची पद्धत चाले. दोन डब्यांच्या मध्ये शिरून माणसाने साखळी अडकवायची आणि मळसूत्र पिळायचे. गाडी जराशी सरकली तरी तो माणूस दोन डब्यांत चिरडला जाई. दरवर्षी शेकडो कामगार या कामात जायबंदी होत.

हे संपविण्याचा जपानी रेल्वेने जो मार्ग काढला, त्याला यंत्रविद्येच्या इतिहासात फार थोड्या जोड्या सापडतील. अर्ध्या डब्यांना जुने आकडे आणि अर्ध्यांना नवे, अशी स्थिती एक दिवसही चालली नसती. म्हणून सगळे आकडे एकदमच बदलावयाचे ठरले. कित्येक वर्षे तयारी चालली. प्रत्येक वाघिणीच्या पोटाखाली तिचा नवा आकडा टांगण्यात आला आणि तो ओझे म्हणून वाहत ती देशभर फिरत राहिली. १७ जुलै १९२५ या दिवशी मुख्य बेटावरील मालगाड्या थांबल्या. यार्डायार्डांतून कामगारांच्या टोळ्या उन्हात राबल्या, आणि हजारो वाघिणींचे आकडे एका दिवसात बदलले गेले. तीन दिवसांनी क्यूशू बेटावर हेच घडले. या दिवसाचे स्मारक म्हणावे तर प्रत्येक मालगाडीत दोन वाघिणींच्या मध्ये आजही आहे, पण तिकडे कॅमेरा रोखणारे विरळाच.

त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून आओमोरी आणि हाकोदाते यांच्या दरम्यान वाघिणी रुळांवरूनच बोटीत चढवून समुद्रापार नेण्याची पद्धत सुरू झाली. ती किती धोक्याची होती हे २६ सप्टेंबर १९५४ च्या वादळाने दाखविले. वाघिणी आत ढकलण्यासाठी बोटीची मागची बाजू उघडी असे. तिथून लाटा आत शिरल्या आणि ‘तोया मारू’ उलटली. अकराशेहून अधिक माणसे बुडाली. त्याच रात्री आणखी चार बोटी गेल्या. समुद्राखालून बोगदा काढण्याचा विचार त्यापूर्वीचाच होता, पण या रात्रीनंतर त्याला निकड आली. सुमारे ५४ किलोमीटर लांबीचा सेइकान बोगदा १९८८ मध्ये खुला झाला.

मालगाडी पाहणाऱ्यांची गर्दी मात्र खऱ्या अर्थाने जमू लागली ती वाफेचे इंजिन मरणपंथाला लागल्यावर. १९३६ पासून बांधलेली ‘डी ५१’ जातीची अकराशेंवर इंजिने हा जपानी मालवाहतुकीचा कणा होता. विशेष प्रसिद्धी नसलेली, काळी, धुराने माखलेली ही इंजिने जाऊ लागताच लोकांना त्यांचे रूप दिसू लागले. २४ डिसेंबर १९७५ रोजी २४१ क्रमांकाच्या डी ५१ ने यूबारीच्या खाणींतला कोळसा ओढीत शेवटची फेरी केली. हे इंजिन जपून ठेवता आले असते. पण पुढच्याच एप्रिलात ओइवाके येथील इंजिनघराला आग लागली आणि त्यात ते जळाले. उरली ती छायाचित्रे आणि चित्रफिती. हौशी माणसाच्या उपद्व्यापाला पुराव्याचे मोल कसे येते, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही. अर्थात या हौशीचा उपद्रवही आहे. रुळांत उतरून गाड्या खोळंबविल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत, आणि त्याचे समर्थन कोणीच करू नये.

इंजिनांपाठोपाठ मालगाडीचेही दिवस फिरले. १९५५ च्या सुमारास देशातील मालवाहतुकीचा निम्म्याहून अधिक भार, वजन आणि अंतर यांच्या हिशेबाने, रेल्वेवर होता. आज तो जेमतेम विसावा हिस्सा आहे. मालमोटारींनी रस्ते व्यापले. वाघिणी यार्डात सोडवून पुन्हा जुळविण्याची जुनी पद्धत १९८४ च्या फेब्रुवारीत बंद झाली आणि थेट गाड्या तेवढ्या राहिल्या. १९८७ मध्ये राष्ट्रीय रेल्वेचे विभाजन होताना प्रवासी वाहतूक सहा कंपन्यांना मिळाली आणि रूळही बहुतांशी त्यांच्याकडे गेले. मालवाहतुकीची एकच देशव्यापी कंपनी झाली. तिला दुसऱ्याच्या रुळांवरून भाडे भरून गाड्या न्याव्या लागतात. जपानच्या कर्जसाहाय्याने आपल्याकडे दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर असा खास मालगाड्यांचा मार्ग आखला गेला, पण स्वतः जपानची मालगाडी मात्र भाडेकरू आहे, हा विरोधाभास मौजेचा खराच.

या भाडेकरूची गरज २०११ साली सर्वांना कळली. ११ मार्चच्या भूकंपाने ईशान्येकडील मुख्य लोहमार्ग मोडला आणि ऐन थंडीत तिथे इंधन संपत आले. तेव्हा तेलाच्या टाक्यांची गाडी निइगाताकडून बानएत्सू पश्चिम या डोंगरी मार्गाने नेण्याचे ठरले. त्या मार्गावर सर्वत्र विजेच्या तारा नव्हत्या. म्हणून निवृत्तीच्या वाटेवर असलेली डी.डी. ५१ जातीची डिझेल इंजिने थेट क्यूशूपासून गोळा करून आणली. २६ मार्चला पहिली गाडी दहा टाक्या घेऊन निघाली. पुढे दोन इंजिने होती, तरी बर्फाळ चढावर चाके घसरू लागली आणि ती अडकली. मागून तिसरे इंजिन येऊन तिला ढकलू लागले, तेव्हा ती काही तास उशिराने कोरियामाला पोहोचली. पुढील सुमारे तीन आठवडे या गाड्या चालू होत्या. त्यांच्याही चित्रफिती लोकांनी घेतल्या आहेत. ती इंजिने आता मालगाडीच्या सेवेत नाहीत.

होक्काइदोच्या कितामी भागातून शरद ऋतूपासून वसंतापर्यंत कांद्याची गाडी धावते. वाटेत एंगारू स्थानकात दिशा उलटावी लागते, म्हणून तिला दोन्ही टोकांना इंजिन असते. जोमोन घाटात ती बर्फातून वर चढताना टिपण्यासाठी छायाचित्रकार कडाक्याच्या थंडीत उभे राहतात. त्या घाटातला बोगदा १९१४ साली पुरा झाला, तो कोंडून ठेवलेल्या वेठीच्या मजुरांच्या हातांनी. १९७० मध्ये दुरुस्तीसाठी भिंत फोडली तेव्हा आत उभ्या स्थितीतला मानवी सांगाडा सापडला. आसपास आणखीही सांगाडे मिळाले. जवळच त्या मजुरांचे स्मारक आहे.

या कांद्याबटाट्यांचा पुढचा प्रवास कसा व्हावयाचा, हा आजचा प्रश्न आहे. सेइकान बोगद्यात २०१६ पासून शिंकान्सेनही धावते, आणि समोरून मालगाडी येण्याची शक्यता असल्यामुळे तिला वेग आवरावा लागतो. शिंकान्सेन साप्पोरोपर्यंत गेली की हाकोदातेपासून ओशामांबेपर्यंतचा जुना मार्ग प्रवासी कंपनी सोडून देणार आहे. मालगाड्यांसाठी तो राखावा, या दिशेने २०२३ मध्ये संबंधितांचे मत झुकले. त्याच्या डागडुजीचा खर्च कोणी सोसावा, यावर मात्र बोलणी लांबत गेली.